शहर सोडून खानापूरच्या जंगलपट्ट्यात राहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून, बेंगळूरहून कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, त्याच्या पश्चिमेकडे राहायला येणारी घरं वाढली आहेत. कुणाची नोकरी घरून चालते, कुणी निवृत्त होऊन आजोळच्या घराला कुलूप काढतंय, कुणाला गावाची ओढ आहे. जांबोटी, कणकुंबी, शिरोली, नेरसे, हेमाडगा या बाजूची बरीच गावं पावसाळ्यात बेटासारखी होतात: चारी बाजूंनी पाणी आणि झाडी, बाहेर पडायला एकच वाट. आम्ही पुणे सोडून या भागात आल्यापासून येणारी-जाणारी माणसं मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

इथं सगळं एवढं हळू का चालतं?

पहिले काही आठवडे तसं वाटतं खरं. दुकानदार वाणसामान बांधता बांधता पावसापाण्याचं विचारतो, पंचायतीतला माणूस जेवायला गेला की तासभर येत नाही, रस्त्यावर दोन दुचाकी समोरासमोर थांबून गप्पा चालू असतात आणि मागचा हॉर्न वाजवत नाही.

मृग लागायच्या आसपास हीच माणसं बघा. धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीतली, एका पावसाच्या आत उरकायची असते. पुढं आर्द्रा-पुनर्वसूत रोप लावण सुरू झाली की बायका उजाडायच्या आत भाकऱ्या बांधून चिखलात उतरलेल्या असतात आणि दिवसभर कंबर वर करत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुगीत ढग दिसला की कापलेलं भात झाकायला अख्खं गाव धावतं. तेवढी घाई मी पुण्याच्या कुठल्याही ऑफिसात पाहिली नाही.

म्हणजे इथलं घड्याळ पाऊस, बस आणि भात या तिघांवर चालतं. यातलं एकही माणसाच्या हातात नाही. त्यामुळं जिथं घाई करून उपयोग आहे तिथं माणसं जीव तोडून करतात, बाकी ठिकाणी करत नाहीत. नव्यानं आलेला माणूस अडतो तो इथंच. तो घाई करतो ती चुकीच्या जागी, आणि खरी घाईची वेळ येते तेव्हा व्हरांड्यात चहा पीत बसलेला असतो.

सवय व्हायला किती दिवस लागतात?

एक पुरता पावसाळा काढल्याशिवाय काही कळत नाही. डिसेंबरात येऊन जागा पसंत करणारे पुष्कळ असतात. तेव्हा हवा छान असते, रानात करवंदीची जाळी हिरवी असते, रस्ते कोरडे असतात. तोच रस्ता जुलैत बघा, मग ठरवा. घर विकत घेण्याआधी निदान जून ते सप्टेंबर भाड्यानं राहून पाहा. कुणी ओळखीचं असेल तर माडीवरची एक खोली मिळते, भाडंही फार नसतं.

पावसाळ्यात गाव खरोखर तुटतं का?

कुठं राहताय त्यावर आहे. खानापूर, नंदगड, जांबोटी अशा मोठ्या गावांत दळणवळण बहुतेक चालू असतं. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कोंगळे, पास्टोली, कृष्णापूर अशा गावांचं तसं नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला जाते, म्हादई देगावच्या बाजूनं निघून गोव्याकडं उतरते. या दोन्हींना मिळणारे असंख्य नाले एका रात्रीच्या पावसात चढतात. लाकडी साकव पाण्याखाली गेला किंवा वाहून गेला की पलीकडचा पलीकडं. आमगावचा पाऊस तर सबंध कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसात मोजला जातो.

हे फक्त जंगलातच होतं असंही नाही. बेळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, चिकोडी-निपाणी भागात जंगलाचं नाव नाही, तरी कृष्णेवरचा कल्लोळ–येडूर, वेदगंगेवरचा जत्राट–भिवशी, दूधगंगेवरचा मलिकवाड–दत्तवाड असे खालच्या पातळीचे बंधारे-पूल दरवर्षी पाण्याखाली जातात आणि पाच मिनिटांच्या गावाला लांबून वळसा पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर तिकडच्या कित्येक गावांना घरंदारं सोडून जावं लागलं. आमच्याकडं पाणी चढतं तसं लवकर उतरतं. तिकडं चढलेलं पाणी दिवसेंदिवस हलत नाही. त्यामुळं राहण्याची जागा बघताना नदी कुठली आणि ती कशी वागते, हे आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना कुठल्या साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते पाठ असतं.

मग पावसाची बेगमी काय करायची?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. पहिल्यांदा विचारायला हवा.

मे महिना हा इथं सुट्टीचा नसतो, बेगमीचा असतो. तांदूळ, डाळी, कडधान्यं ऊन देऊन डब्यात भरायची. मिरची वाळवून चटणी कुटून आणायची. आमसुलं, वाळवलेले फणसाचे गरे, सांडगे, पापड. मासे खाणारे असाल तर सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात. गॅस सिलिंडर दोन हवेतच. शिवाय वाळकं जळण आणि शेणी पडवीत रचून ठेवायच्या. गॅस असला तरी चूल लागते, कारण कपडे वाळवायला आणि घर कोरडं ठेवायला दुसरा उपाय नाही. चुलीवर दांडी बांधून त्यावर कपडे टाकतात. त्यांना धुराचा वास येतो, त्याची सवय करून घ्यायची.

कौलारू घर असेल तर शाकारणी मृगाच्या आधी. खानापूर ही कौलांची आणि कुंभारकामाची जुनी पेठ आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथं आहे. त्यामुळं कौलं मिळतात. माणूस मिळणं अवघड. मेच्या शेवटी प्रत्येकाला तोच हवा असतो.

रोजची औषधं किमान दीड महिन्याची घरात हवीत. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या संपल्या म्हणून पुरात कुणाला बाहेर काढायची वेळ आणू नका.

भाजीची काळजी करू नका. पाऊस पडला की टाकळा, कुरडू, अळू, बांबूचे कोंब परसात आणि बांधावर येतात. अळंबी मात्र जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय शिजवायची नाही.

बसचं वेळापत्रक मिळेल का?

खानापूरच्या स्टँडवर विचारा, सांगतात. पण खरं वेळापत्रक गावात कळतं. आतल्या गावांना दिवसातून दोन-तीन फेऱ्या असतात आणि त्यांतली महत्त्वाची म्हणजे वस्तीची गाडी. रात्री येते, मुक्काम करते, सकाळी पहिल्यांदा तीच निघते.

ही गाडी म्हणजे नुसती प्रवासाची सोय नाही. आमच्या गावात संध्याकाळी दिवे दिसले की पाच-सहा जण फाट्यावर उभे असतात. कंडक्टर उतरताना आधी पिशव्या देतो: कुणाची औषधं, कुणाच्या पंपाचं दुरुस्त झालेलं मोटर-कॉइल, कुणाच्या मुलीनं बेळगावहून पाठवलेला डबा. ड्रायव्हर-कंडक्टरसाठी एका घरून पाण्याची कळशी आणि कालवण येतं, कुणाच्या घरून ते आपसात ठरलेलं असतं. सकाळी निघायच्या आधी लांब हॉर्न होतो. तो ऐकून वरच्या आळीतली माणसं चपला घालतात. एखादी म्हातारी चढायची राहिली असेल तर मागून कुणीतरी ओरडतं, "आण्णा, थांबा की, आक्का यायल्या!" आणि गाडी थांबते. शहरात ज्याला उशीर म्हणतात त्यातला बराचसा इथं असा कुणासाठी तरी थांबलेला असतो.

कर्नाटकाचा रहिवासी असल्याचं ओळखपत्र असलेल्या बायकांना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या बसचा प्रवास मोफत आहे. आधार कार्डावर पुण्याचा पत्ता असेल तर चालत नाही, म्हणून पत्ता बदलायचं काम लवकर करा. खानापूर आणि लोंढा ही दोन रेल्वे स्टेशनं जवळची. विमान धरायचं तर बेळगावचं सांबरा.

घरून नोकरी करता येईल का? नेट आणि लाईटचं काय?

येते, मी करते. हिशेबाचं काम आहे, तारखा पाळाव्या लागतात. पण आधी काही गोष्टी मान्य कराव्या लागतात.

पावसाळ्यात लाईट जाते म्हणजे तासाभरासाठी जाते असं धरू नका. झाड तारेवर पडलं, टीसी (ट्रान्सफॉर्मर) जळाला, तर एक-दोन दिवस सहज जातात. हेस्कॉमचा, म्हणजे इथल्या वीज कंपनीचा, लाईनमन एकटा अनेक गावं बघतो आणि भर पावसात खांबावर चढतो. त्याचा नंबर घ्या, त्याच्याशी नीट बोला, आणि दर दहा मिनिटांनी फोन करू नका. इन्व्हर्टरला मोठी बॅटरी घ्या. सोलर उन्हाळ्यात छान चालतो, जुलैत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही कारण ऊनच नसतं. एप्रिल-मेच्या वळवात वीज कडाडायला लागली की राऊटर, टीव्ही, सगळं भिंतीपासून काढायचं. एकदा राऊटर जळला की नवा यायला आठवडा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. घर पसंत करताना प्रत्येक खोलीत उभं राहून रेंज पाहा, माडीवरही पाहा. ज्या दिवशी मीटिंग टाळताच येत नाही त्या दिवसासाठी खानापुरात किंवा बेळगावात एखादी बसायची जागा आधीच ठरवून ठेवा. खानापूर ते बेळगाव अंतर २५ किलोमीटरच्या आसपास आहे, अवघड असतो तो तुमच्या घरापासून खानापूरपर्यंतचा रस्ता.

आणि ऑफिसला खरं सांगा. "जून ते सप्टेंबर मी काही तास पोहोचेनच असं नाही" हे आधी सांगितलं तर बहुतेक माणसं समजून घेतात. मी पहाटे काम करते. नेट तेव्हा बरं असतं आणि दुपारी कुणी घरी आलं तर लॅपटॉप बंद करता येतो. तारखेच्या आदल्या रात्रीवर काम ढकलायची सवय इथं सोडावीच लागते.

लॅपटॉप, कॅमेरा, पुस्तकं, चामड्याच्या वस्तू यांना बुरशी येते. कपाटात छोटा पिवळा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवायची जुनी युक्ती अजूनही सगळ्यात चांगली.

गवंडी, सुतार, प्लंबर "उद्या येतो" म्हणतात आणि येत नाहीत. काय करावं?

तारीख मागू नका, सण विचारा.

इथला गवंडी हा शेतकरीही असतो. लावणीत, सुगीत तो तुमच्याकडं येणार नाही आणि येऊही नये. "मामा, हे काम लावण झाल्यावर जमेल की गणपतीनंतर?" असं विचारलं की तो विचार करून उत्तर देतो. "गणपतीआधी नाही व्हायचं वहिनी, म्हाळ झाल्यावर लावूया हात," म्हणाला (म्हाळ म्हणजे पितृपक्ष) तर तो येतो. बुधवारी दहा वाजता या म्हटलं तर तो तुमचं मन राखायला हो म्हणतो, बाकी काही नाही.

वर्षाचा हिशेब साधारण असा बसतो. विहीर उपसायची आणि झरे मोकळे करायचे ते चैत्र-वैशाखात. छपराचं मृगाच्या आत. गणपतीच्या आधी पंधरा दिवस गावात रंगाचा डबाही मिळायची मारामार, कारण मुंबई-पुण्याची सगळी पोरं घरी येणार असतात. बांधकाम करायचं तर सुगी संपून मळणी झाली, गंज्या लागल्या, की जानेवारीपासून. तेव्हा माणसाला मोकळीक असते आणि काम मनापासून होतं.

गावची लक्ष्मी यात्रा जवळ आली असेल तर सगळंच विसरा. आमच्या भागात गावोगावच्या लक्ष्मी यात्रा कैक वर्षांनी भरतात आणि त्या वर्षी प्रत्येक घर नवं रूप घेतं: भिंती, फरशी, दारं, रंग. आजूबाजूच्या दहा गावांतले गवंडी तिथं गुंतलेले असतात. त्या वर्षी घर बांधायला काढलेल्या एका ओळखीच्या कुटुंबानं पाया भरून पुढचं काम यात्रेनंतरच केलं, आणि यात्रेत गावासोबत मनसोक्त राबले. आज त्या गावात त्यांना कुणी नवीन म्हणत नाही.

वार पाळणूक म्हणजे काय? आम्हीही पाळायची का?

गावची पंच कमिटी ठरावीक वार जाहीर करते, बहुतेक मंगळवार किंवा शुक्रवार. पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा यात्रेच्या आधी असे काही वार ओळीनं पाळले जातात. त्या दिवशी शेतात औत जात नाही, कुदळ पडत नाही, देवीला गाऱ्हाणं घातलं जातं. प्रत्येक गावचे नियम थोडे वेगळे असतात, ते शेजारी विचारून घ्या.

तुमची श्रद्धा असो नसो, त्या दिवशी जेसीबी बोलावू नका, बोअर मारू नका. घरात बसून संगणकावर काम केलंत तर कुणी काही म्हणत नाही. मला स्वतःला हे वार फार आवडतात. ऐन कामाच्या दिवसांत गावानं मिळून थांबायचं ठरवलेलं असतं, बैलांनाही विसावा मिळतो, आणि कुणी एकानं पुढं निघून जायचा प्रश्न उरत नाही.

शेजारी न सांगता घरात येतात. एकांत कसा मिळणार?

दार उघडं असलं म्हणजे या, असा इथला अर्थ. एकांत हवा असेल तर दार लोटून घ्या, लोक समजतात. पण दिवसभर लोटलेलं दार दिसलं की "बरं नाही काय?" म्हणून कुणीतरी विचारायला येतं, आणि तेही चांगलंच आहे. एकटं राहणाऱ्या माणसाला त्याचा किती आधार असतो ते आजारी पडल्यावर कळतं.

आलेल्याला चहा विचारा. कुणी वाटीभर काही आणून दिलं तर वाटी रिकामी परत करू नका, घरात असेल ते थोडं घाला. पगार किती, मुलं किती, पुणं का सोडलं हे प्रश्न थेट विचारले जातील. राग मानू नका. जेवढं सांगायचं तेवढं सांगा, तुम्हीही विचारा.

कन्नड आलं पाहिजे का?

घरात, रानात, देवळात, दुकानात मराठीवर निभतं. खानापूर तालुक्यात मराठी घराघरांत आहे. कचेरीतले कागद कन्नडमध्ये असतात. पहाणी (इथला सातबारा), पंचायतीच्या पावत्या, वीजबिल, नोटिसा वाचता यायला हव्यात. अक्षरं शिका, आकडे शिका, चार वाक्यं बोलायला शिका. भाषेचा वाद इथं जुना आहे आणि अनेकांच्या जिवाला लागलेला आहे. त्यावर नव्या माणसानं चहाच्या टपरीवर मत ठोकून देऊ नये, आधी ऐकावं. कचेरीत समोरच्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोललं की काम सोपं होतं, हा माझा अनुभव. आणि आपण घरात मराठी बोलतो, मुलांना मराठी वाचायला लावतो, त्याला त्यानं काही बाधा येत नाही.

जमीन किंवा घर घेताना काय बघायचं?

२०२० साली कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता यायला लागली. त्यामुळं गर्दी वाढली आहे आणि एजंटही. पहाणीवर मालक म्हणून किती नावं आहेत ते बघा. आमच्याकडं एका तुकड्यावर तीन पिढ्यांची वीस नावं असणं नवल नाही, आणि त्यांतला एक मुंबईत असतो. वनखात्याची हद्द कुठून जाते ते स्वतः जाऊन खात्री करा. पंचायत हद्दीतल्या घराला ई-स्वत्तुचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाईन मालमत्ता नोंदीचा, नमुना ९ आणि ११ लागतो. वाटेचा हक्क कागदावर आहे का ते विचारा. पावसाळ्यात वाट हीच सगळ्यात मोठी मालमत्ता. आणि कुणी "आठ दिवसांत सही करा, दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणालं तर सरळ नको म्हणा. या भागात जमिनीला आठ दिवसांची घाई नसते, घाई असते ती विकणाऱ्याला.

मुलांच्या शाळेचं?

गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी आहे. काही ठिकाणी पट फार कमी झाला आहे, तुमचं मूल गेलं तर शाळेला बळ मिळेल. कन्नड शिकावं लागतं आणि लहान मुलं ती सहज शिकतात. हायस्कूलला बसनं जावं लागतं. मोठ्या वर्गातली मुलं शहरातून उचलून आणत असाल तर मात्र दोनदा विचार करा, दहावीच्या तोंडावर तर नकोच.

दवाखाना किती लांब?

याचं उत्तर गोड करून सांगता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढं खानापूरचा सरकारी दवाखाना, आणि मोठं काही असलं तर बेळगाव: तिथं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं मोठं इस्पितळ आहे. १०८ ला फोन लागला तर रुग्णवाहिका येते, पण रस्ता असेल तिथपर्यंतच. भीमगडच्या आतल्या वस्त्यांतून आजही आजारी माणसाला खांद्यावरून नाला ओलांडून आणावं लागतं. हृदयाचा आजार असलेलं, डायलिसिसवरचं, दिवस भरत आलेलं माणूस घरात असेल तर पावसाळ्यात खानापुरात किंवा बेळगावात खोली घेऊन राहा. इथली जाणती माणसंही तेच करतात.

साप चावला तर मंत्र-मुळी करण्यात वेळ घालवू नका, चीर देऊ नका, हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखान्यात. चार महिने रात्री विजेरी आणि पायात बूट, यात सवलत नाही. जळवा लागतात, मीठ लावलं की सुटतात, त्यांनी काही होत नाही. गवे आणि अस्वलं आहेत. पहाटे-संध्याकाळी रानवाटेला एकट्यानं जाऊ नये, एवढं पाळलं की पुरे.

रिकामं बसलं की अपराधी वाटतं, करमत नाही. हे जातं का?

जातं, पण बसून जात नाही.

पहिल्या पावसाळ्यात संध्याकाळी ढगांमुळं लवकर अंधार पडतो, लाईट नसते, पत्र्यावर एकसारखा आवाज, फोनला रेंज नाही. शहरात हाच वेळ आपण कशानं तरी भरून टाकलेला असतो. इथं तो समोर येऊन बसतो. पुष्कळ जण याच दिवसांत बॅग भरतात. काही जण दिवसाला शिस्त लावायला जातात: पाच ते सहा योग, सहा ते सात वाचन, सात ते आठ बागकाम. ते आठवडाभर टिकतं, कारण पाऊस त्या कागदाला विचारून पडत नाही.

ज्यांचं जमलं त्यांचं मी एकच पाहिलं. गावच्या एखाद्या कामाला त्यांनी स्वतःला बांधून घेतलं. कुणी डेअरीवर दूध घालायला स्वतः जातं. कुणी एकादशीच्या भजनात टाळ धरून बसतं, आवाज नसला तरी. पारायण सप्ताहात वाढपाला उभं राहिलं की चाळीस घरांची ओळख होते. निवृत्त बँकवाले एक काका आता गावच्या निम्म्या लोकांचे अर्ज भरून देतात आणि त्यांच्या पडवीत सकाळपासून माणूस असतो.

लावणीला एक दिवस जाऊन पाहा. मजुरी करायला नव्हे, पैरा फेडायला. शेजारणीनं तुमच्या परसात कधी मदत केली असेल तर तिच्या शेतात तुम्ही जायचं. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, गुडघाभर चिखल, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताच्या तीन बोटांनी काडी चिखलात रुतवायची आणि एक पाऊल मागं. शेजारच्या बाया गाणं म्हणतात, मधेच कुणाच्या तरी सुनेचा विषय निघतो, पुन्हा गाणं. तुमची ओळ वाकडी जाते, कुणीतरी न बोलता सरळ करून देतं. त्या रात्री करमत नाही हा विचार मनात येत नाही, झोप येते.

घरात एकाला आवडलंय, दुसऱ्याला नाही. असं का होतं?

बहुतेक घरांत पुरुषाला आवडलेलं असतं आणि बाईला नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. संथ आयुष्य कुणाच्या तरी हातांवर उभं असतं. लाईट नाही म्हणजे मिक्सर नाही, पाट्यावर वाटायचं. पंप बंद म्हणजे विहिरीवरून कळशी. कपडे वाळत नाहीत, चूल पेटत नाही, पाहुणे न सांगता येतात आणि प्रत्येकाला चहा. हे सगळं एकटीवर पडलं तर ती शहरापेक्षा जास्त थकते, आणि नवरा झोपाळ्यावर बसून म्हणतो, किती शांत आहे.

येण्याआधी कामं वाटून घ्या. पाणी कोण भरणार, जळण कोण फोडणार, सकाळची चूल कोण पेटवणार. गावातले पुरुष करत नाहीत ही सबब चालणार नाही, तुम्ही गावातलं बाकी सगळं तसंच करता असं नाही. महिला बचत गटात तिनं जावं, तिचे स्वतःचे पैसे, स्वतःच्या मैत्रिणी असाव्यात. शक्ती योजनेमुळं महिन्यातून एकदा बेळगावला जाऊन यायला पैसे लागत नाहीत. खडेबाजारात फिरून, मैत्रिणीकडं जेवून, कुंदा घेऊन आलेली बाई पुढचे पंधरा दिवस आनंदात असते, माझंही तसंच आहे.

खर्च कमी होतो का?

भाडं, भाजी, बाहेरचं खाणं, कपडे यांत कमी होतो. बॅटरी, दुरुस्त्या, औषधांचा साठा आणि गाडीचे टायर यांत वाढतो. यात्रा, लग्नं, वर्गणी यांसाठी वेगळे पैसे ठेवा. वर्गणीत घासाघीस करू नका.

नाही जमलं तर?

तर परत जा. पहिल्या दोन वर्षांत शहरातलं घर विकू नका, भाड्यानं द्या. काही जण सुगीपासून मेपर्यंत इथं आणि पावसाळ्यात तिथं राहतात, तेही चांगलं चालतं. गावाला सांगून जा, किल्ली शेजाऱ्याकडं द्या. श्रावणात घराची कौलं त्यालाच बघायची आहेत.

येताना शहरातून काय आणू?

चांगली विजेरी आणि जादा सेल. टाचेला न घासणारे गमबूट, घरातल्या प्रत्येकाला एक. मोठी बॅटरी इथं बेळगावात घ्या, दुरुस्तीला माणूस जवळ मिळतो. चष्म्याची दुसरी जोडी. सुया, दाभण, जाड दोरा, नायलॉन दोरी. सगळ्यांची मूळ कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, आणि त्यांच्या प्रती शहरातल्या एखाद्या नातेवाईकाकडं. वॉशिंग मशीन आणायला हरकत नाही, ड्रायर असलेलं असेल तर उत्तम. सोफा नको, पहिल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.